हेलिकॉप्टर नेऊन सोडते, परत बूट आणतात

अमेरिकेत वणवे विझवणाऱ्या हेलिकॉप्टर पथकांना ‘हेलिटॅक’ म्हणतात. आयडाहो राज्यातल्या अशा एका पथकात मी २०२२ आणि २०२३ चे मोसम हंगामी कामगार म्हणून काढले आणि मधले साडेपाच आठवडे सोडले, तर त्या सगळ्या काळात माझ्या पायात बुटांचा एकच जोड होता. हे परीक्षण त्या जोडाचे आहे. बूट दहा इंच उंचीचे, काळ्या जाड चामड्याचे आणि हाताने बांधलेले आहेत. जोडाचे वजन घरच्या काट्यावर दोन किलो सातशे ग्रॅम भरले आणि किंमत ६०० डॉलर पडली. ते वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकॅन शहरात तयार झाले. कारखान्याचे नाव मी देत नाही, कारण पुढे त्यांच्याविषयी तक्रार आहे. शिवाय याच धाटणीचे बूट बांधणारे एकाहून अधिक कारखाने त्या एकाच शहरात आहेत आणि त्यांच्या मालात मला तरी एकोणीस-वीसचाच फरक दिसला.

हेलिकॉप्टरने जाणाऱ्या माणसाला एवढ्या भारी बुटांचे काय काम, असे मला पुष्कळांनी विचारले आहे, आणि कामावर रुजू होण्यापूर्वी मलाही तसेच वाटत होते. पथकाचे काम थोडक्यात असे असते. विजा पडून डोंगरमाथ्यावर एखादे झाड पेटते आणि तिथे रस्ता नसतो; अशा वेळी तिघाचौघांना हत्यारांसह जवळच्या उघड्या जागी उतरवायचे, मग त्याच हेलिकॉप्टरला खाली बादली लटकवून जवळच्या तळ्यातून पाणी आणायला लावायचे, आणि तोवर जमिनीवरच्यांनी आगीभोवती जाळरेषा काढायची, म्हणजे पालापाचोळा आणि मुळे खरवडून खालची निव्वळ माती उघडी करायची. आमच्यासारख्या हलक्या हेलिकॉप्टरच्या बादलीत साधारण शंभर गॅलन पाणी मावते. ऐकायला ते पुष्कळ वाटते, पण धुमसणाऱ्या ओंडक्याखालची आग त्याने विझत नाही. ती हाताने उकरून, माती कालवून, तळहात टेकवून गरम लागते का हे पाहत विझवावी लागते. यात दोनतीन दिवस जातात. दरम्यान दुसरीकडे वस्तीजवळ वणवा लागला की हेलिकॉप्टर तिकडे जाते, आणि मग रेडिओवर निरोप येतो की तुम्ही चालत या.

या बाबतीत मध्य आयडाहोची गोष्ट आणखी वेगळी आहे. तिथे ‘फ्रँक चर्च रिव्हर ऑफ नो रिटर्न’ नावाचे संरक्षित अरण्य आहे. १९८० साली ते राखीव झाले आणि त्याचा विस्तार तेवीस लाख एकरांहून जास्त आहे. १९६४ च्या अरण्य कायद्यानुसार अशा भागात रस्ते नाहीत, यंत्रांना मुळात मनाई आहे आणि हेलिकॉप्टर उतरवायचे तरी खास परवानगी लागते. आग लागलेली असताना ती मिळणे एक वेळ सोपे असते; काम संपलेल्या चौघांना घरी आणण्यासाठी ती मागायला कोणी फारसे उत्सुक नसते.

आता बुटांकडे येते. पिवळा सदरा, हिरवी विजार, हेल्मेट, हातमोजे, आगीत अडकल्यास अंगावर ओढून घ्यायचा ॲल्युमिनियमच्या वर्खाचा तंबू, हे सगळे सरकार देते. बूट मात्र ज्याने त्याने विकत घ्यायचे असतात. काही खात्यांकडून त्यासाठी भत्ता मिळतो, परंतु निवड आणि निवडीतली चूक दोन्ही आपलीच. जमिनीवरच्या नियमांनुसार बूट चामड्याचे, नाड्यांचे, किमान आठ इंच उंचीचे आणि खोल खाचांच्या न घसरणाऱ्या तळाचे लागतात. यासाठी तेव्हा एनएफपीए या अमेरिकी अग्निसंरक्षण संघटनेचे ‘एनएफपीए १९७७’ हे मानक होते (यातले १९७७ हा क्रमांक आहे, साल नव्हे). हेलिकॉप्टरचे नियमही घोट्याच्या वर येणारे चामड्याचेच बूट मागतात, पण त्यामागचा विचार निराळा आहे. अपघातानंतर आग लागली, तर कृत्रिम धाग्याचे कापड वितळून कातडीला चिकटते आणि चामडे चिकटत नाही. म्हणजे आमच्या पायांवर एकाच वेळी दोन खात्यांची नजर असते. पोलादी टोपीचे बूट मात्र कोणी घालत नाही, कारण निखाऱ्यांत उभे राहिल्यावर ते पोलाद बोटांवर ठेवलेल्या तव्यासारखे तापते.

किमतीबद्दल एवढेच सांगते. २०२१ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने वणवे विझवणाऱ्या आपल्या कामगारांचे किमान वेतन तासाला १५ डॉलर करण्याचे जाहीर केले. त्या दराने ६०० डॉलर म्हणजे चाळीस तासांची, म्हणजे पूर्ण एका आठवड्याची मूळ कमाई. आग आटोक्यात नसताना २५ टक्के जोखीम भत्ता मिळतो आणि खरी कमाई जादा तासांतून होते; पण हंगामी नेमणूक १,०३९ मूळ तासांची, म्हणजे अर्ध्या कामकाजी वर्षाला जेमतेम एक तास कमी, आणि बूट तर मोसमापूर्वीच, पहिला पगार हाती येण्याच्या आधी घ्यावे लागतात. पहिल्याच वर्षी हे काम आपल्याला मानवते की नाही हे ठाऊक नसताना एवढे पैसे घालावेत, असे मी कोणालाही बिनदिक्कत सांगणार नाही.

बुटांची बांधणी पाहण्यासारखी आहे. बहुतेक बुटांत वरच्या चामड्याची कड आत दुमडून तळाला चिकटवलेली असते. यांत ती कड बाहेर वळवून मधल्या चामडी तळावर दोन ओळींत शिवलेली आहे, त्यामुळे बुटाभोवती चामड्याची बोटभर पट्टी दिसते आणि टाके मोजता येतात. ही जोडणी डिंकावर अवलंबून नाही, कारण तापलेल्या राखेत डिंक सुटतो. शिलाईचा दोराही उष्णतेला टिकणारा आहे. नाड्यांच्या तळाशी झालरीसारखा कापलेला चामड्याचा एक सुटा तुकडा आहे. दुकानात तो नुसता शोभेचा वाटतो, पण नाड्यांच्या फटीतून आत शिरणारे खडे आणि ठिणग्या तोच अडवतो. टाच जवळजवळ दोन इंच उंच आणि पुढच्या बाजूने तिरकी कापलेली आहे. ही धाटणी या भागातल्या लाकूडतोड्यांची, उतारावर आडवे उभे राहून काम करणाऱ्यांची. टाच मातीत रुतते आणि माणूस खाली सरकत नाही. तळ व्हिब्रमचा आहे. १९३५ साली आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक दगावले, त्याला त्यांची पादत्राणेही काही अंशी कारणीभूत होती. त्यांचे मित्र विताले ब्रामानी यांनी खोल खाचांचा रबरी तळ घडवला आणि १९३७ साली तो बाजारात आणला. त्यांच्याच नावाआडनावाची अक्षरे जोडून व्हिब्रम हा शब्द झाला. १९५४ मध्ये केटूवर पहिल्यांदा चढलेल्या इटालियन मोहिमेच्या पायांतही हाच तळ होता.

बूट मी टपालाने मागवले. कारखाना एक कागद पाठवतो, त्यावर पाय ठेवून पेन्सिल उभी धरून कडेने रेघ ओढायची आणि चवडा, पायाची कमान, टाच आणि घोटा अशा ठिकाणी फितीने घेर मोजून आकडे लिहायचे. मी हे पहिल्यांदा सकाळी केले आणि ती चूक होती. दिवसभर उभे राहिल्यावर पाय सुजतो, म्हणून माप संध्याकाळी आणि जाड लोकरी मोजे घालून घ्यावे लागते, हे पथकातल्या जुन्या सहकाऱ्याने सांगितल्यावर कागद फाडून पुन्हा भरला. माझा चवडा रुंद आणि टाच अरुंद आहे. तयार मापांत ‘बायकांचे’ म्हणून जे बूट मिळतात ते अनेकदा पुरुषांच्याच साच्यावर लहान केलेले असतात, त्यांत माझी टाच आत वरखाली होते आणि दुपारपर्यंत फोड येतो. या कारखान्याने टाच आणि चवड्याची मापे वेगवेगळी घेतली, आणि नुसत्या या एका गोष्टीसाठी मी त्यांच्याकडे पुन्हा जाईन.

नव्याचे नऊ दिवस, असे आपण म्हणतो. या बुटांचे पहिले नऊ दिवस नव्हे, सुमारे पाच आठवडे शिक्षेचे गेले. चामडे जवळजवळ तीन मिलिमीटर जाड आहे आणि ते पाऊल वाकते तिथे वाकायला तयार नसते; जिथे घडी पडते तिथे, अंगठ्याच्या बुडाशी, ते चावते. घोट्याच्या मागे शिरेवर तर असे घासते की पहिल्या आठवड्यात मी रोज सकाळी कापडी चिकटपट्टी लावूनच मोजे घालत होते. मी बूट एप्रिलमध्ये घरात, मग गल्लीत, मग पाठीवर वजन घेऊन टेकडीवर असे चढत्या क्रमाने घातले. कामासाठी चालण्याची जी परीक्षा द्यावी लागते, तीन मैल अंतर, ४५ पौंड वजन आणि ४५ मिनिटे, ती मात्र मी साध्या धावण्याच्या बुटांतच दिली आणि इतरांनीही तसेच करावे. बूट पाण्यात भिजवून पायातच वाळवावेत, असा एक इलाज सगळीकडे सांगितला जातो; मी तो केला नाही, कारण कारखान्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट मनाई होती. पाचव्या आठवड्यानंतर मात्र चामड्याने पायाचा आकार घेतला. आता माझे बूट दुसऱ्या कोणी घातले, तर ते त्याला चावतील.

हेलिकॉप्टरच्या आसपास बूट कसे वागतात, हे बुटांच्या कोणत्याच जाहिरातीत लिहिलेले नसते, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिते. मोसमाच्या सुरुवातीला आम्हा प्रत्येकाला पूर्ण सामानासह काट्यावर उभे करतात आणि तो आकडा पुढे प्रत्येक उड्डाणाच्या भारपत्रकात जातो. हवा तापली आणि उंची वाढली की विरळ हवेत हेलिकॉप्टरची उचलण्याची ताकद घटते. सात हजार फुटांवर दुपारी ३२ अंश तापमान असेल, तर यंत्राला ती हवा साडेदहा हजार फुटांवरची असल्यासारखी वाटते. तेव्हा कोण मागे राहणार हे किलोंच्या हिशेबाने ठरते. माझ्या बुटांनी मला सहकाऱ्यांच्या हलक्या बुटांपेक्षा सुमारे एक किलोने जड केले. एका किलोने कोणी मागे राहत नाही, पण चौघांची पाण्याची एकेक बाटली धरली तर हिशेब तिथवर येतो, आणि वैमानिक काट्यावरचे बूट बघून हसतो ते वेगळेच.

उंच टाचेचा खरा त्रास चढता-उतरताना होतो. आमच्या यंत्राला चाके नव्हती, खाली दोन आडव्या नळ्या होत्या, आणि त्यावरच्या पायरीवर पाय ठेवून आत जायचे होते. फिरत्या पात्यांखालून वैमानिकाच्या नजरेसमोरून, किंचित वाकून, उतारावर असल्यास खालच्या बाजूनेच जायचे, हत्यार कमरेखाली आडवे धरायचे. शेपटीकडे तर फिरकायचेही नाही. हे सगळे सवयीने अंगवळणी पडते. पण पायरीवरून उतरताना पावलाचा मधला भाग टेकला की ती तिरकी टाच पायरीच्या मागच्या कडेला अडकते. उतरताना उडी मारायची नसते, वजन हळूहळू जमिनीवर द्यायचे असते, आणि नेमके त्याच क्षणी एक पाय आकड्यासारखा अडकणे चांगले नाही. माझे असे दोनदा झाले. त्यानंतर मी चवड्यावर उतरायला शिकले.

दुसरा दोष मला गंभीर वाटतो. बुटाच्या वरच्या निम्म्या भागात नाडीसाठी भोके नाहीत, पितळी आकडे आहेत, म्हणजे बूट पटकन बांधता-सोडता येतो. आता आमच्या कामातला मोठा भाग म्हणजे जाळ्यात सामान बांधून ते हेलिकॉप्टरखाली लटकवून पाठवणे. जाळे जमिनीवर पसरतात, त्यावर चालत जाऊन पाण्याचे डबे आणि पाइपांची भेंडोळी मध्यभागी रचतात, मग चारी कडा उचलून कडीत घालतात. २०२२ च्या जुलैत एके दिवशी मी शेवटचा डबा ठेवून वळले, तर उजवा पाय हलेना. सर्वांत खालच्या पितळी आकड्यात जाळ्याची दोरी अडकली होती. हेलिकॉप्टर अजून दरीपलीकडे होते, त्याचा आवाज तेवढा येत होता, आणि मी खाली बसून शांतपणे दोरी सोडवली. पण त्या जाळ्याचे पुढे काय होते हे माहीत असलेल्या माणसाला ती दहा सेकंदे लांब वाटतात. त्या रात्री मी खालचे दोन्ही आकडे चिकटपट्टीने गुंडाळले आणि मोसम संपल्यावर त्यांच्या जागी साधी भोके पाडून घेतली. जमिनीवरच्या पथकात हा दोष कोणाच्या लक्षातही येणार नाही. हेलिकॉप्टर पथकासाठी बूट घेणाऱ्याने मात्र मागवतानाच वरपर्यंत भोके मागावीत. बूट घालायला दोन मिनिटे जास्त लागतात, लागू द्यावीत.

राखेत हे बूट उत्तम आहेत, आणि याबद्दल मला काही हातचे राखून सांगायचे नाही. आग विझल्यासारखी दिसली तरी झाडांची मुळे जमिनीखाली दिवसेंदिवस जळत राहतात. वरची माती जागेवर असते आणि खाली पोकळी निखाऱ्यांनी भरलेली असते. अशा एका खड्ड्यात माझा डावा पाय पोटरीपर्यंत गेला. मी तो बाहेर काढून झटकला, विजारीच्या काठाला लागलेली राख झाडली, आणि मग बसून पाहिले तर चामड्यावर करपट पांढुरका पट्टा उमटला होता, टाके शाबूत होते, मोजा गरम झाला होता आणि पायाला काही झाले नव्हते. आठ इंची बुटात राख वरून आत गेली असती की नाही, हे मी पैजेवर सांगणार नाही, पण दहा इंचांचा आग्रह मी तेव्हापासून सोडलेला नाही. डाव्याच बुटाच्या टोकावर दीड इंचाची एक चीर आहे. ती पुलास्कीची, म्हणजे एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला आडवे कुदळीचे पाते असलेल्या हत्याराची. १९१० साली आयडाहो आणि मोंटाना भागात सुमारे तीस लाख एकर जाळणाऱ्या वणव्यात एड पुलास्की या वनरक्षकाने आपल्या बहुतेक माणसांना खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवले, आणि पुढे हे हत्यार त्यांच्या नावाने रूढ झाले. माझ्या हातून ते मुळावरून निसटले. चामडे अर्धे चिरले आणि अर्धे टिकले.

पण बुटांची खरी परीक्षा परतीच्या वाटेवर झाली. ऑगस्टच्या मध्याला आम्हा चौघांना सात हजार चारशे फुटांवरच्या एका कण्यासारख्या डोंगरावर उतरवले, उड्डाण सहा मिनिटांचे. आग पाव एकराची होती. दोन रात्री तिच्याजवळ काढल्या, तिसऱ्या दिवशी दुपारी ती थंड झाल्याची खात्री करून आम्ही रेडिओवर कळवले, आणि उत्तर आले की हेलिकॉप्टर दुसऱ्या वणव्यावर गेले आहे, तुमच्यासाठी नदीकाठच्या पायवाटेच्या तोंडाशी गाडी उभी राहील. नकाशावर अंतर चौदा किलोमीटर, उतार सुमारे तीन हजार फूट. पाठीवर करवत, इंधन, रिकामे पाण्याचे डबे आणि झोपण्याचे सामान धरून प्रत्येकी तीस किलोंच्या आसपास वजन. पहिले पाच किलोमीटर वाट नव्हतीच. तिथे कधीकाळी वणवा येऊन गेला होता आणि जळालेले पाइन काड्यापेटीतल्या काड्या सांडाव्यात तसे एकमेकांवर आडवे पडले होते. एका ओंडक्यावर चढायचे, त्यावरून चालायचे, उतरायचे, पुढचा ओंडका. तासाला एक किलोमीटर जेमतेम सरत होते.

ओल्या, साल सुटलेल्या लाकडावर तळ दोनदा घसरला, बाकी धरून राहिला. उतारावर बूट कसे बांधावेत हे मी त्या दिवशी नीट शिकले. पावलाच्या चढावर नाडी घट्ट ओढून तिथे दुहेरी गाठ घालायची आणि घोट्याच्या वर थोडी सैल सोडायची, म्हणजे पाऊल पुढे सरकून बोटे टोकावर आदळत नाहीत आणि घोटा वाकायला मोकळा राहतो. उंच टाच, जिने मला हेलिकॉप्टरच्या पायरीवर छळले, तिने इथे पैसे फेडले. भुसभुशीत मातीत ती पायरी खणल्यासारखी रुतत होती. आमच्यातल्या एकाच्या पायात हलके डोंगरी बूट होते. नदी दिसेपर्यंत त्याच्या दोन्ही अंगठ्यांची नखे काळी पडली होती आणि शेवटचा टप्पा तो आडवा, खेकड्यासारखा उतरला. मला दोन फोड आले, दोन्ही करंगळीला. गाडीपाशी पोहोचलो तेव्हा रात्रीचे सव्वादहा झाले होते, म्हणजे निघाल्यापासून नऊ तासांच्या वर. शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये मला बुटांचे वजन पाठीवरच्या वजनापेक्षा जास्त जाणवत होते, हेही इथे नोंदवले पाहिजे. पाऊल उचलायचे म्हणजे ते आधी ठरवावे लागत होते.

चालणे हा या कामात परतीपुरता प्रश्न नाही. आगीवर उतरल्यावर पहिल्यांदा सुटकेची वाट आणि सुरक्षित जागा ठरवतात, आणि ती वाट पायांनी किती मिनिटांची आहे हे मोजतात. हेलिकॉप्टर येऊन उचलून नेईल, हे त्या हिशेबात धरत नाहीत. १९९४ च्या जुलैत कोलोरॅडोतल्या साउथ कॅन्यन वणव्यात जे चौदा जण दगावले, त्यांत दोघे हेलिटॅकचे होते.

आता तक्रार. दुसऱ्या मोसमात, २०२३ च्या जुलैच्या सुरुवातीला, उजव्या बुटाच्या बाहेरच्या बाजूचे टाके सुटू लागले. वर्षाहून जास्त वापरात टाके सुटणे मी समजू शकते, कारण दगडधोंड्यांत आडवे चालताना सगळी घासणी त्याच कडेला होते. कारखान्याला फोन केला, त्यांनी दोन आठवड्यांचा वायदा केला, आणि मी बूट पाठवले. दोन आठवड्यांनी विचारले तर मोसमाची गर्दी आहे असे उत्तर मिळाले. जणू मोसम त्यांना अचानक कळला होता. बूट साडेपाच आठवड्यांनी आले. त्यांनी टाके घातले, उजव्या बुटाचा तळही नवा बसवला आणि झिजलेला डावा तसाच ठेवला. परिणामी उजवा पाय डाव्यापेक्षा पाव इंच उंच झाला. मला ते उभे राहून कळले नाही, दुसऱ्या दिवशी कमरेने सांगितले. डाव्याचा तळ त्यांनी पुढे मोसम संपल्यावर एकही पैसा न घेता बदलून दिला आणि माफीही मागितली, तेव्हा माणसे वाईट नाहीत. पण दुरुस्ती हाच ज्या मालाचा मोठा गुण म्हणून सांगितला जातो, त्याची दुरुस्ती ऐन ऑगस्टमध्ये मिळणार नसेल, तर ते विकतानाच सांगायला हवे. उजव्या बुटाचे मला १६० डॉलर पडले.

त्या साडेपाच आठवड्यांत मी दुसरा जोड घातला. तो युरोपी गिर्यारोहणाच्या धाटणीचा, आठ इंची, मानकात बसणारा आणि या जोडापेक्षा जवळजवळ एक किलो हलका होता. खोटे कशाला बोलू, पहिल्या दिवसापासून तो सुखाचा होता, कुठे चावला नाही, हेलिकॉप्टरच्या पायरीवर अडकला नाही आणि त्यात धावताही येत होते. चौथ्या आठवड्यात, तीन दिवस सलग गरम राखेत उभे राहिल्यावर, डाव्या चवड्यापाशी त्याचा तळ सुटून बेडकाच्या तोंडासारखा उघडला. मी तो तारेने बांधून दोन दिवस काढले. तो बूट शिवण्याजोगा नव्हता, टाकूनच द्यावा लागला, आणि त्याचीही किंमत ३०० डॉलरच्या वर होती. तरीही, ज्याला एकच मोसम करून पाहायचा आहे, किंवा जो बहुतेक वेळ हेलिकॉप्टरच्या तळावर भार मोजण्यात आणि इंधनगाडीपाशी घालवणार आहे, त्याने हाच घ्यावा असे माझे मत आहे. हाताने बांधलेला जोड दोन मोसमांच्या आत वसूल होत नाही.

देखभालीला मी फार वेळ देत नाही. चौदा दिवसांची पाळी संपली की टाक्यांतली राख दातांच्या जुन्या ब्रशने काढायची, कारण राख आणि घाम मिळून जो खार होतो तो चामडे वाळवून तडकवतो. मग मेणाचे मलम बोटाने चोळायचे. बूट ओले झाले तर आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत ठेवायचे, शेकोटीजवळ मुळीच नाही. मूळ चामडी नाड्या दोन महिन्यांत तुटल्या. त्याऐवजी उष्णतेला टिकणाऱ्या धाग्याच्या घेतल्या आणि एक जास्तीची जोडी पिशवीत ठेवली.

मागवायचेच असतील तर नोव्हेंबरात मागवावेत, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत हाती येतात आणि चावून घ्यायला दोन महिने मिळतात. मार्चमध्ये मागणी नोंदवणाऱ्याला ते मोसम सुरू झाल्यावर मिळतात आणि मग फोड आगीवरच येतात. भोके वरपर्यंत मागावीत, टाच पाऊण इंच कमी करून मिळते का हे विचारावे (मिळते, मला उशिरा कळले), आणि दुरुस्तीला टाकताना दोन्ही बूट एकत्र करायला सांगावेत, तेही लेखी. माझा जोड सध्या कपाटात आहे, दोन्ही तळ नवे आहेत आणि दोन्ही पाय एका उंचीवर आले आहेत. डाव्या टोकावरची चीर शिवू का, असे कारखान्याने विचारले होते. मी नको म्हटले. शिवणीतून पाणी जास्त शिरते.